नकार नोंदवायला शिकणारी आरोग्यसेविका

टाटा स्मारक रुग्णालयाने १९९८ मध्ये मुंबईच्या वस्त्यांमध्ये कर्करोग-तपासणीचा एक मोठा अभ्यास सुरू केला. ३५ ते ६४ वयाच्या दीड लाखांवर स्त्रिया त्यात होत्या. निम्म्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी तपासणी व्हायची आणि ती करणाऱ्या होत्या दहावीपर्यंत शिकलेल्या, खास प्रशिक्षण घेतलेल्या आरोग्यसेविका. गर्भाशयमुखाला ॲसिटिक आम्लाचं सौम्य द्रावण लावायचं, म्हणजे व्हिनेगरचाच प्रकार, मिनिटभर थांबायचं आणि पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. २०१३ मध्ये निकाल आला. तपासणीच्या गटात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी झाले होते.

सरावाने हात तयार होतो, नजरही तयार होते. तज्ज्ञाने तीच स्त्री पुन्हा तपासायची, सेविकेची आणि तज्ज्ञाची नोंद ताडून पाहायची, चूक दाखवायची. संशोधनासाठी सेविका घडवताना याहून अवघड आहे ती तिची जुनी सवय मोडणं. महापालिकेच्या आरोग्य केंद्रातल्या ताईचं सगळं काम मन वळवण्याचं असतं. पोलिओचा डोस चुकला तर ती तिसऱ्यांदा दार वाजवते, आजीला समजावते, नवऱ्याशीही बोलते. याच गुणामुळे वस्तीत तिचा शब्द चालतो. संशोधनात मात्र तिने असं विचारायला हवं की समोरच्या बाईला ‘नाही’ म्हणणं सोपं जावं.

म्हणून प्रशिक्षणात संमतीचा सराव नाटकासारखा करून घेतात. एक जण सेविका होते, दुसरी घरातली बाई. बाई हमखास म्हणते, “ताई, तुम्ही सांगताय म्हणजे चांगलंच असेल. कुठे अंगठा करू?” इथे शिकाऊ सेविका खूश होते आणि फॉर्म पुढे सरकवते. प्रशिक्षक तिथेच थांबवतात. आधी त्या बाईकडून वदवून घ्यायचं: काय करणार आहेत, त्रास काय होऊ शकतो, मधेच सोडलं तर नेहमीचे उपचार बंद होणार का. तिला सांगता आलं नाही, तर समजावणं कमी पडलं असं धरायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायचं. लिहिता-वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार हवा. माहितीपत्रक तिच्या भाषेत हवं. साकीनाक्याच्या एकाच गल्लीत मराठी, हिंदी आणि गुजराती अशा तिन्ही प्रती लागू शकतात.

एकांताचा प्रश्न याहून बिकट. असल्फाच्या टेकडीवर दहा बाय बाराच्या खोलीत सासू जेवण करतेय, शेजारीण उंबऱ्यात उभी, आणि प्रश्न आहे गर्भपाताचा. अशा वेळी मोठ्याने वाचायचं नाही. वेळ बदलून घ्यायची किंवा बाईला केंद्रावर बोलवायचं. नोंदवहीतलं वस्तीत कुणाशीही बोलायचं नाही, हेही बजावावं लागतं, कारण सेविका बहुधा त्याच वस्तीत राहते.

मग कागद. चूक झाली तर एकच आडवी रेघ, शेजारी सही आणि तारीख, व्हाइटनर बंद. उत्तर मिळालं नाही तर रकान्यात ‘मिळालं नाही’ असंच लिहायचं. टार्गेट पूर्ण करायची सवय लागलेल्या हाताला हे जड जातं. घराला कुलूप असेल तर कुलूपच नोंदवायचं. गणपतीत अर्धी चाळ कोकणात असते, मे महिन्यात कुणी उत्तर प्रदेशात, आणि पुनर्विकास निघाला की बिऱ्हाडंच्या बिऱ्हाडं हलतात. पाठपुराव्याच्या तारखा हे धरून आखल्या नाहीत तर वर्षअखेरीस बरीच माणसं सापडत नाहीत. औषधाच्या चाचणीत कुणी आजारी पडलं, रुग्णालयात दाखल झालं, तर कारण ठरवत बसायचं नाही, लगेच फोन करायचा. गंभीर दुष्परिणाम कळवायला नियमाने प्रमुख संशोधकाला चोवीसच तास मिळतात.

तुलनेसाठी ठेवलेल्या ज्या वस्तीत तपासणी नाही, तिथली सेविकेची मावशी म्हणते, “माझंही बघ ना.” बघितलं तर तुलना बिघडते, नाही बघितलं तर सेविकेच्या मनाला टोचतं. टाटा रुग्णालयाच्या अभ्यासातही तुलनेच्या गटाला तपासणीऐवजी फक्त माहिती दिली होती, आणि त्यावरून नैतिकतेचा मोठा वाद झाला. तो वाद प्रशिक्षणात लपवू नये असं मला वाटतं. उत्तर माहीत नसलं तरी सेविकेलाच वस्तीत या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं.

शक्य तिथे सेवा देणारी आणि मोजणारी वेगळ्या ठेवाव्यात. ‘स्नेहा’ संस्थेने मुंबईच्या ४८ वस्त्यांमध्ये महिला गटांचा परिणाम तपासला, तेव्हा गट चालवणाऱ्या सख्या वेगळ्या होत्या आणि जन्म-मृत्यूची माहिती गोळा करणाऱ्या स्त्रिया वेगळ्या. बाळंतपणातली काळजी आणि नवजात मृत्यू यांत अपेक्षित सुधारणा दिसली नाही. २०१२ मध्ये संस्थेने तसंच छापलं. आपल्याच कामाचे आकडे सख्यांनीच भरले असते तर?

मानधनाचा हिशेबही इथेच येतो. सह्यांच्या संख्येवर पैसे ठरवले की सराव वाया जातो. भेट दिलेल्या घरांवर ठरवले, तर नकाराचा फॉर्मही होकाराइतकाच मोलाचा होतो.