गाण्यांचा कार्यक्रम ठेवताय? सुरक्षेचे नियम नेमके शोधायचे कुठे?

२५ नोव्हेंबर २०२३. केरळमध्ये कोचीच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विद्यापीठात, खुल्या रंगमंचावर संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम होता. बाहेर गर्दी ताटकळत उभी होती. अचानक पाऊस आला. आडोशासाठी सगळे एकदमच आत घुसले आणि आत उतरणाऱ्या पायऱ्यांवर एकमेकांच्या अंगावर पडले. चौघांचा जीव गेला. कार्यक्रम तर अजून सुरूही झाला नव्हता.

आता आपल्याकडे बघा. गणेशोत्सवातला ऑर्केस्ट्रा, गॅदरिंगचा बँड, सोसायटीतली कोजागरीची मैफल. आयोजक बहुतेक वेळा हौशी कार्यकर्तेच असतात. कलाकाराची तारीख, मंडप, साऊंड, देणगीदार अशी सगळी यादी व्हॉट्सॲप ग्रुपवर असते. ‘पाऊस आला तर लोक कुठे जातील?’ हा प्रश्न मात्र त्या यादीत नसतो. खरं तर अशा प्रश्नांची उत्तरं आधीच लिहून ठेवलेली आहेत. फक्त ती कुठे आहेत हे माहीत हवं.

परवानगी मिळाली म्हणजे झालं का?

नाही. पोलीस, पालिका आणि अग्निशमन दलाच्या परवानग्या लागतातच. पण परवानगी म्हणजे तयारी नव्हे. गेटवर कोण उभं राहणार, रुग्णवाहिका कुठून आत येणार, कार्यक्रम थांबवायचा निर्णय कोण घेणार, हे कागदावर शिक्का मारून ठरत नाही. ते आयोजकालाच ठरवावं लागतं. आणि परवानगीपत्राच्या मागच्या पानावरच्या अटी आधी वाचा. बरेच जण त्या वाचतच नाहीत.

भारतात माहिती कुठे मिळते?

पहिलं ठिकाण म्हणजे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, म्हणजेच एनडीएमए. गर्दीच्या कार्यक्रमांचं नियोजन कसं करावं यावर त्यांनी २०१४ मध्ये एक मार्गदर्शक पुस्तिका काढली. ती त्यांच्या संकेतस्थळावर मोफत मिळते. पुस्तिका इंग्रजीत आहे, पण मुद्दे सरळ आहेत. दुर्घटना का होतात याची कारणं त्यात गटवार दिली आहेत: कच्चं बांधकाम, आग आणि वीज, गर्दीवर नियंत्रण नसणं, गर्दीचं वागणं, सुरक्षा व्यवस्था आणि यंत्रणांमध्ये ताळमेळ नसणं. तुमच्या कार्यक्रमासाठी हीच सहा नावं लिहून प्रत्येकासमोर एका माणसाचं नाव टाका. निम्मं काम तिथेच होतं.

दुसरं म्हणजे भारतीय मानक ब्युरो. तात्पुरते मंडप आणि शामियाने उभारताना आगीपासून काय काळजी घ्यायची, यासाठी ‘आयएस ८७५८’ हे मानक आहे. मंडपवाल्याशी बोलताना हा क्रमांक हाताशी ठेवा.

तिसरं म्हणजे ध्वनिप्रदूषण नियम, २०००. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकरला बंदी आहे. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देऊ शकतं. तुमची तारीख त्या दिवसांत आहे का, ते पाहूनच पत्रिका छापा.

‘पर्पल गाईड’ काय आहे?

इंग्लंडमधल्या डोनिंग्टन इथे १९८८ च्या रॉक महोत्सवात चिखलात गर्दी घसरली आणि दोन तरुण चेंगरून मेले. त्यानंतर १९९३ मध्ये ब्रिटनमध्ये खास संगीत कार्यक्रमांसाठी एक सरकारी मार्गदर्शिका आली. मुखपृष्ठाच्या रंगावरून तिचं नाव पडलं पर्पल गाईड. १९९९ मध्ये तिची सुधारित आवृत्ती निघाली. आज ही मार्गदर्शिका तिथल्या कार्यक्रम उद्योगाच्या संघटना चालवतात आणि ती वर्गणी भरून ऑनलाइन वाचता येते. ब्रिटनच्या ‘एचएसई’ या सरकारी संस्थेच्या संकेतस्थळावर मूलभूत माहिती मोफत आहे.

एक सावधगिरी बाळगा. १९९९ ची पीडीएफ अजूनही इंटरनेटवर फिरते, पण एचएसईने ती केव्हाच मागे घेतली आहे. त्यामुळे कुठलीही पीडीएफ पुढे पाठवण्याआधी वर्ष आणि देश पाहा. परदेशी मार्गदर्शिका विचार करायला उपयोगी आहे. कायदा मात्र आपलाच लागू होतो.

मैदानात किती माणसं मावतात?

उघड्यावर उभ्याने ऐकायच्या संगीत कार्यक्रमासाठी त्या जुन्या ब्रिटिश मार्गदर्शिकेतला ढोबळ हिशोब होता माणशी अर्धा चौरस मीटर. समजा, मैदान ४० बाय २५ मीटर, म्हणजे १,००० चौरस मीटर आहे. स्टेज, साऊंडची जागा, स्टॉल आणि मोकळे ठेवायचे रस्ते यांचे ३०० वजा केले, तर उरले ७००. म्हणजे १,४०० माणसं.

पण हे अर्धंच गणित झालं. एवढी माणसं तुमच्या गेटमधून झटपट बाहेर पडू शकतील का? गेट अरुंद असेल तर आकडा कमी करायचा. जागा आणि दारं या दोन्हींपैकी जो आकडा लहान, तोच खरा. पास तेवढेच छापायचे.

आणि कानांचं काय?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमांसाठी एक मानक जाहीर केलं. त्यानुसार आवाजाची १५ मिनिटांची सरासरी १०० डेसिबलच्या वर जाऊ नये. सोबत आवाज सतत मोजणं, इअरप्लग उपलब्ध ठेवणं आणि कानांना विश्रांती मिळेल अशी शांत जागा ठेवणं हेही त्यात आहे. आपले ध्वनिप्रदूषण नियम शेजाऱ्यांचा विचार करतात, हे मानक ऐकणाऱ्यांचा.

आगाऊ रक्कम देण्याआधी हे विचारा

- जागेची क्षमता किती आणि ती कुणी मोजली?
- बाहेर पडायच्या वाटा किती? त्या आतून सहज उघडतात का?
- पाऊस आला किंवा वीज गेली तर पुढे काय?
- पाणी, प्रथमोपचार आणि रुग्णवाहिका कुठे असेल?
- कार्यक्रम थांबवण्याचा अधिकार कुणाकडे आहे, आणि हे साऊंडवाल्याला माहीत आहे का?

शेवटचा प्रश्न सर्वात महत्त्वाचा. कारण गर्दी दाटली की मागच्यांना पुढचं काही दिसत नाही. त्यांच्यापर्यंत पोहोचतो तो फक्त माइक. तो कुणाच्या हातात असेल, हे आधीच ठरलेलं असलं पाहिजे.