पाण्यावरचे बिऱ्हाड

प्रवासाला निघायचे म्हटले की आपल्या घरात एकच गलबला उठतो. “अहो, दूधवाल्याला सांगितलेत का?” “तुळशीला पाणी कोण घालणार?” “धाकटीचे औषध कुठल्या पिशवीत ठेवलेय?” चार दिवस महाबळेश्वरला जायचे असले तरी थाट असा, की जणू काशीयात्रेलाच निघालो आहोत! शेवटी दाराला कुलूप लागते, ते दोनदा ओढून पाहिले जाते, किल्ली शेजारच्या काकूंकडे जाते आणि मंडळी जिना उतरतात. रिक्षा कोपऱ्यावर वळते न वळते तोच गृहिणीच्या मनात येते, “गॅस बंद केला ना मी?”

मग जी बाई नवरा आणि चार मुले यांना घेऊन साऱ्या पृथ्वीला प्रदक्षिणा घालायला निघाली, आणि तीही शिडाच्या जहाजातून, तिच्या जिवाची काय तगमग झाली असेल?

ही बाई काही काल्पनिक नव्हे. तिचे नाव ॲनी ब्रॅसी. १ जुलै १८७६ रोजी इंग्लंडमधल्या चॅथम बंदरातून तिचे बिऱ्हाड निघाले ते पुढल्या वर्षीच्या मे महिन्याच्या अखेरीस परत आले. अकरा महिन्यांत सुमारे पस्तीस हजार सागरी मैलांची मजल झाली. घरी आल्यावर तिने या प्रवासाचे पुस्तक प्रसिद्ध केले आणि ते युरोपभर वाचले गेले. पण त्या पुस्तकाची आठवण आज काढायची ती त्यातल्या देशोदेशींच्या वर्णनांसाठी नव्हे. सगळे कुटुंब मिळून जग पाहून आले म्हणजे हाती काय उरते, आणि त्याची किंमत कोण मोजते, हे या कुटुंबाच्या कहाणीत फार स्पष्ट दिसते.

श्रीमंतीचा थाट

आधीच सांगून टाकतो, ही मंडळी तुमच्या-आमच्यासारखी नव्हेत. ॲनीचे सासरे थोरले थॉमस ब्रॅसी म्हणजे त्या काळचे रेल्वेचे जगप्रसिद्ध कंत्राटदार. त्यांनी देशोदेशी लोहमार्ग टाकले आणि मागे अफाट संपत्ती ठेवली. ॲनीचे यजमान, धाकटे थॉमस, पार्लमेंटचे सभासद. पण नुसते हौशी श्रीमंत नव्हेत. रीतसर परीक्षा देऊन त्यांनी कप्तानाचे प्रमाणपत्र मिळवले होते, आणि आपले जहाज ते स्वतः चालवीत.

जहाजाचे नाव ‘सनबीम’, म्हणजे सूर्यकिरण. तीन डोलकाठ्या, जवळजवळ एकशेसाठ फूट लांबी, आणि वारा पडला तर कामी यावे म्हणून एक वाफेचे एंजिन. घरची मंडळी, चार-दोन मित्र, खलाशी, आचारी, मुलांची दाई अशी त्रेचाळीस माणसे त्यावर होती. शिवाय कुत्री होती, आणि वाटेत जमा होत गेलेले पशुपक्षी निराळेच. थोरला टॅब तेरा वर्षांचा, मेबेल अकराच्या आसपास, म्युरिएल चार वर्षांची आणि धाकटी मेरी अजून दाईच्या कडेवर. तान्ह्या लेकराला घेऊन कोणी पुण्याहून पंढरपूरला निघाले तरी आपल्याकडच्या आजीबाई नाके मुरडतात. इथे तर अटलांटिक आणि पॅसिफिक ओलांडायचे होते!

आणि हेही विसरता येत नाही, की ‘सनबीम’ जगाची फेरी मारीत होती त्या १८७६–७७ सालीच आपल्या दख्खनवर भयंकर दुष्काळ कोसळला होता. एकाच पृथ्वीवर एक कुटुंब हौसेने घर सोडून निघाले होते, आणि तिकडे सोलापूर-विजापूरकडची कुटुंबे पोटासाठी घरे सोडीत होती. त्या काळाचे हे दोन चेहरे शेजारी शेजारी ठेवूनच ही कहाणी वाचलेली बरी.

जहाजाच्या तोंडाशी बसलेली मुलगी

‘सनबीम’ हे नाव मात्र श्रीमंतीतून आलेले नव्हे.

ब्रॅसी दांपत्याला आणखी एक मुलगी होती, कॉन्स्टन्स. घरात तिला लाडाने ‘सनबीम’ म्हणत. १८७३ साली तापाच्या साथीच्या दुखण्यात ती चिमुकली गेली. पुढच्याच वर्षी हे नवे जहाज पाण्यात उतरले तेव्हा आईबापांनी त्याला तिचे नाव दिले. त्या काळी जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला एक कोरीव मूर्ती बसवण्याची चाल होती. कोणी त्या जागी सिंह बसवी, कोणी राणी, कोणी देवता. ‘सनबीम’च्या टोकाला एका लहान मुलीची सोनेरी मूर्ती बसली. कॉन्स्टन्सची.

म्हणजे लोकांनी मोजली ती मुले चार. आईच्या हिशेबी पाच मुले प्रवासाला निघाली होती, आणि पाचवी सगळ्यांच्या पुढे होती.

हे एकदा कळले, की पुस्तकातले काही प्रसंग वाचताना छातीत धस्स होते. प्रवास सुरू होऊन थोडेच दिवस झाले होते. समुद्र खवळलेला. मेबेल कप्तान लेकी या अनुभवी दर्यावर्दी मित्राशेजारी दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसली होती. एकाएकी एक प्रचंड लाट डेकवरून गेली आणि दोघांनाही तिने उचलले. कप्तानाने प्रसंग ओळखून एका दोराचे वेढे मनगटाला घेतले होते आणि दुसऱ्या हाताने मुलीला घट्ट धरले होते, म्हणून ती वाचली. एक मुलगी आधीच गमावलेल्या आईला त्या रात्री झोप कशी लागली असेल?

दुसरा प्रसंग जपानच्या मुक्कामातला. कडाक्याची थंडी, म्हणून मुलांच्या खोलीत शेगडी पेटवलेली. दाईने तिच्यात लाकडे जरा जास्तच भरली आणि मध्यरात्री लाकूडकामाने पेट घेतला. जहाजावर आग! पळायचे तर कुठे? मोठ्यांनी धावपळ करून ती विझवली. मुलांना पांघरुणात गुंडाळून डेकवरच्या खोलीत नेले होते, आणि ती तिथे निमूटपणे पुन्हा झोपी गेली. रडणे नाही, कांगावा नाही. मुलांना एव्हाना जहाज हेच घर झाले होते. घरात कधी दूध उतू जाते, कधी आग लागते. मोठी माणसे आहेत ना बघायला!

पाहुणे आले घरा

या बिऱ्हाडाची खरी परीक्षा झाली ती २८ सप्टेंबर १८७६ रोजी, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यापासून दूर भर समुद्रात. समोर एक जहाज दिसले, ‘मंक्सहेवन’. वेल्समधल्या स्वान्सीहून कोळसा घेऊन ते चिलीतल्या वाल्परायझोला निघाले होते. पोटातल्या कोळशाने आतल्या आत पेट घेतलेला, डेकच्या फटींतून धूर निघतोय, आणि पंधरा माणसे मदतीची वाट पाहताहेत.

ब्रॅसींनी पंधराच्या पंधरा जणांना आपल्या जहाजावर घेतले. त्रेचाळीस माणसांच्या घरात एकदम पंधरा पाहुणे! आपल्याकडे लग्नसराईत असे प्रसंग येतात, पण शेजारून चार गाद्या आणि पिठाचा डबा आणता येतो. भर समुद्रात शेजारी कोण? पिण्याचे पाणी मोजून द्यावे लागले, झोपायच्या जागा वाटून घ्याव्या लागल्या. काही दिवसांनी ‘इलिमानी’ नावाची टपालबोट भेटली, तिच्यावर या पाहुण्यांची रवानगी झाली आणि मग घर पुन्हा ऐसपैस झाले.

मुलांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले. आपल्या ताटातले काढून परक्याला द्यायचे, याचा धडा त्यांना पाण्यावर मिळाला. त्यासाठी कोणी प्रवचन करावे लागले नाही.

पुढे मॅगेलनची सामुद्रधुनी झाली, ताहिती झाले. नाताळच्या सुमारास हवाई बेटावर किलाउएया ज्वालामुखीच्या काठी उभे राहून त्यांनी खाली उकळणारा तांबडा रस पाहिला. ५ फेब्रुवारी १८७७ रोजी जपानच्या सम्राटाच्या हस्ते कोबे ते क्योटो या लोहमार्गाचे उद्घाटन झाले, त्या समारंभाच्या वेळी ही मंडळी कोबेला हजर होती. (आपली मुंबई–ठाणे गाडी १६ एप्रिल १८५३ ला धावली, म्हणजे त्या बाबतीत आपण जपानच्या बरेच पुढे होतो.) मग हाँगकाँग, सिंगापूर, सिलोन, एडन, सुएझ आणि घर.

परत आल्यावर

या साऱ्या प्रवासात एक गोष्ट ॲनीने कधी लपवली नाही. तिला समुद्र लागत असे! इतके प्रवास करूनही ते दुखणे पूर्णपणे कधी गेले नाही. पण डोके उचलवेना अशा दिवसांतूनही ती उठे, मुलांचे पाही, आणि दिवसभराची हकीकत लिहून काढी. तिचे प्रवासलेखन सुरू झाले तेच मुळी घरी राहिलेल्या वडिलांना धाडलेल्या पत्रांतून. लेक सासरी गेली, जगाच्या टोकाला गेली, तरी बाबांना सगळे सविस्तर कळवायचे, ही ओढ आपल्या माहेरवाशिणींना निराळी समजावून सांगायला नको.

१८७८ साली पुस्तक निघाले. अकरा महिन्यांच्या प्रवासानंतर या कुटुंबाला काय वाटले, हे त्याच्या पहिल्या दोन-तीन पानांतच सापडते. ॲनीने ते अर्पण केले आहे ते कोणा राजाला किंवा सरदाराला नव्हे. निरनिराळ्या देशांतल्या, निरनिराळ्या वर्णांच्या, समाजाच्या सगळ्या थरांतल्या ज्या मित्रांनी आपले हे वर्ष सुखाचे केले, त्यांना तिने ते दिले आहे. विक्टोरिया राणीच्या अमदानीत, एका धनाढ्य इंग्रज बाईने गोऱ्यांबरोबर काळ्या-सावळ्यांचेही ऋण असे पहिल्याच पानावर मान्य करावे, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

आणि प्रस्तावना लिहिली आहे यजमानांनी. तिच्यात ते कबूल करतात, की हिची चिकाटी आणि हिचा निर्धार नसता तर हा प्रवास सुरूच झाला नसता, आणि पुरा तर नक्कीच झाला नसता. कप्तानाचे प्रमाणपत्र यजमानांकडे होते. पण जहाज कोणाच्या बळावर चालले, हे त्यांनी चारचौघांत सांगितले. घरच्या सहलीहून परतल्यावर “सगळी व्यवस्था हिने केली हो!” असे पाहुण्यांसमोर म्हणणारे यजमान आजही किती भेटतात, हे वाचकभगिनींनीच सांगावे.

शेवटचा प्रवास

गोष्ट इथेच संपली असती तर गोड झाली असती.

१८८७ च्या सुरुवातीला ‘सनबीम’ आपल्या मुंबई बंदरातही येऊन गेली. हिंदुस्थान पाहून मंडळी पुढे ऑस्ट्रेलियाला गेली. परतीच्या वाटेवर, ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेचे डार्विन बंदर सोडल्यानंतर, ॲनी हिवतापाने अंथरुणाला खिळली. १४ सप्टेंबर १८८७ रोजी भर समुद्रात, जहाजावरच तिचा अंत झाला. वय सत्तेचाळीस. किनारा फार दूर होता. नवऱ्याने आणि मुलांनी तिला हिंदी महासागराच्या स्वाधीन केले.

तिचे अखेरचे पुस्तक १८८९ साली, तिच्या मागे, प्रसिद्ध झाले. त्यात थॉमस ब्रॅसींनी तिचे एक लहानसे चरित्र लिहिले आहे, आणि ते आपल्या मुलांना उद्देशून पत्राच्या रूपात आहे. बायकोने बापाला लिहिलेल्या पत्रांनी ज्या लेखनाला सुरुवात झाली, त्याचा शेवट बापाने मुलांना लिहिलेल्या पत्राने झाला. आई कशी होती हे मुलांना ठाऊक नव्हते थोडेच? पण आईने सगळ्यांना एकत्र ठेवले ते किती कष्ट सोसून, हे मुलांच्या सहसा लक्षात येत नाही. ते बापाने त्यांच्यासाठी लिहून ठेवले.

‘सनबीम’ पुढेही खूप वर्षे समुद्रावर होती. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, म्हाताऱ्या ब्रॅसींनी ती जखमी सैनिकांसाठी इस्पितळाचे जहाज म्हणून हिंदुस्थान सरकारला देऊन टाकली. १९२९ साली ती मोडीत निघाली. राहिली आहे ती पुढच्या टोकावरची सोनेरी मुलगी. लंडनजवळ ग्रिनिचला समुद्रविषयक राष्ट्रीय संग्रहालय आहे, तिथे ती जपून ठेवली आहे. लंडन पाहायला जाणाऱ्या मराठी मंडळींनी वेळात वेळ काढून तिला भेटून यावे.

ब्रॅसींचे जहाज आपल्यापाशी नाही, त्रेचाळीस माणसांचा लवाजमा नाही आणि अकरा महिन्यांची रजा तर स्वप्नातही नाही. पण या सुट्टीत चार दिवसांसाठी का होईना, सगळे मिळून कुठे निघालात, तर एक करा. रात्री मुक्कामावर पोहोचल्यावर एखादी वही उघडा आणि दिवसभराची हकीकत लिहा, मुलांनाही दोन ओळी लिहू द्या. आणि परत आल्यावर, सामान उतरवायच्या आधी, जिने दूधवाल्यापासून धाकटीच्या औषधापर्यंत सगळे ध्यानात ठेवले तिला खुर्चीवर बसवून घरातल्या कोणीतरी चहा करून द्या.

शेजारच्या काकूंकडून किल्ली नंतर आणली तरी चालेल. नाहीतर चहा त्यांच्याकडेच होईल, आणि मग तोही तीच करील!