गव्याच्या निम्म्या वजनाचं विमान

कारवारच्या वाटेवरच्या अणशी घाटात तिन्हीसांजेला गवा आडवा आला की गाडी थांबवावीच लागते. हॉर्न वाजवायचा नाही, दिवे मंद करायचे आणि स्वारीची मर्जी होईपर्यंत गुपचूप बसायचं. पूर्ण वाढलेला नर ८०० किलोंचा सहज भरतो, एखादा हजारावरही जातो. आता त्याच्या जेमतेम निम्म्या वजनाचं विमान डोळ्यांसमोर आणा. सांगाडा, पंख, इंजिन, पेट्रोल आणि आत बसलेली दोन माणसं, सगळं धरून ४५० किलो!

जागतिक हवाई क्रीडा महासंघाने दोन माणसांच्या मायक्रोलाइटला, म्हणजे अशा हलक्या विमानाला, घालून दिलेली जुनी मर्यादा ती हीच. एकट्याचं असेल तर ३०० किलो. अख्खं विमान तोलून धरणारं पॅराशूट बसवलं तर ५ टक्के सवलत, म्हणजे दोघांच्या विमानाला फक्त साडेबावीस किलो. गोव्याला उतरणारं एअरबस ए-३२० उड्डाणाच्या वेळी ७८ टनांपर्यंत जातं. तेवढ्या वजनात अशी पावणेदोनशे विमानं मावतील.

त्या जुन्या नियमातली वेगाची अट तर उलटीच. किती जोरात जाता हे कोणी विचारत नाही. ताशी ६५ किलोमीटरपर्यंत हळू झालात तरी हवेत टिकता का, ते सांगा. घाट उतरून कद्रा धरणाच्या पुढे लागलेली बस याहून जोरात पळते.

या वैमानिकांसाठी महासंघाचा बिल्ला आहे, नाव ‘कोलिब्री’. कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि त्यावर हिरे. कोलिब्री म्हणजे हमिंगबर्ड. तो आपल्याकडे नाही, पण अणशीच्या रानात फुलाफुलावर लटकणारा शिंजीर आहे, वजन दहा ग्रॅमच्या आत. बिल्ल्यावर गरुड न घेता हा चिमुकला पक्षी घेणाऱ्याला मी मनापासून दाद देतो. कारण या खेळात कस लागतो तोच मुळी काटकसरीचा. मोजून दिलेल्या पेट्रोलात किती लांब जाता? वर इंजिन बंद करून खाली आखलेल्या पट्टीत नेमकी चाकं टेकवता का? चुकलात तर गुण मीटरांच्या हिशेबाने कापले जातात.

इंजिन बंद म्हणजे दगडासारखं खाली, असं वाटत असेल तर हा हिशेब बघा. स्लोव्हेनियाच्या पिपिस्ट्रेल कंपनीचं ‘सायनस’ इंजिनाशिवाय एक मीटर खाली येताना साधारण २७ मीटर पुढे सरकतं. अणशीपासून कारवारचा किनारा सरळ रेषेत सुमारे ३५ किलोमीटर. समुद्रसपाटीपासून १,५०० मीटरवर इंजिन बंद पडलं आणि वारा नसला, तर रान, कद्र्याचं पाणी, काळी नदी सगळं मागे टाकून कारवारच्या वाळूवर पोचताना दोनशे मीटर उंची हातात उरते. काळी नदीवरच्या सुपा धरणाच्या उंचीच्या दुप्पट! (पावसाळ्यात समोरून वारा भणाणत असताना हे गणित करू नये.)

हेच सायनस, नाव ‘माही’, इंजिन ८० अश्वशक्तीचं, घेऊन मुंबईची आरोही पंडित मे २०१९ मध्ये स्कॉटलंडच्या विकहून एकटी निघाली. वय २३. आइसलंड, ग्रीनलंड करत कॅनडाच्या इकालुइटला उतरली, सुमारे ३,००० किलोमीटर. लाइट स्पोर्ट विमानातून, म्हणजे मायक्रोलाइटच्या सख्ख्या भावंडातून, अटलांटिक एकटीने ओलांडणारी ती पहिली स्त्री. काळी नदी उगमापासून मुखापर्यंत १८४ किलोमीटर. तशा सोळा काळी नद्या एकापुढे एक मांडा आणि खाली बर्फगार पाणी धरा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिने अलास्का ते रशिया हा बेरिंग समुद्रही पार केला.

१५ ऑक्टोबर २०२१ रोजी ती याच जातीच्या विमानातून भुजहून जुहूला आली. जेआरडी टाटांनी विमानाने कराचीहून मुंबईला टपाल आणलं त्याला त्या दिवशी ८९ वर्षं झाली होती.

पिपिस्ट्रेलच्याच ‘व्हायरस’ या विमानांची भारताने हवाई दल, नौदल आणि एनसीसीसाठी मागणी नोंदवली होती, तब्बल १९४. तुमच्या घरचं पोर एनसीसीच्या एअर विंगमध्ये असेल तर मायक्रोलाइटमध्ये बसायला मिळालं का, ते विचारा. आणि नसेल, तर कॉलेजात एअर विंग आहे का, तेवढं पुढच्या प्रवेशाआधी बघून ठेवा.