परत आलेले दहा किलो

शस्त्रक्रियेपूर्वी वजन १३० किलो. गॅस्ट्रिक बायपासनंतर दोन वर्षांत ते ८० वर आले आणि पुढे हळूहळू ९० झाले. उंची १६० सेंटिमीटर धरू. या व्यक्तीचे वजन पुन्हा ‘वाढले’ म्हणायचे का? बीएमआय चार अंकांनीही वाढलेला नाही. पाच अंकांची अट लावली तर उत्तर नाही. नीचांकी वजनावर १५ टक्के वाढ, ही अट लावली तरी नाहीच. वाढ साडेबारा टक्के आहे. पण घटलेल्या ५० किलोंपैकी १० परत आले, म्हणजे २० टक्के. या मापाने मात्र हो.

अमेरिकेत सुमारे १,४०० बायपास रुग्णांवर वेंडी किंग आणि सहकाऱ्यांनी ही मापे ताडून पाहिली. निष्कर्ष २०१८ मध्ये ‘जामा’त आले. नीचांकानंतर पाच वर्षांनी पहिल्या मापाने सुमारे ४४ टक्के, दुसऱ्याने ५०, तर तिसऱ्याने ६७ टक्के रुग्णांचे वजन वाढलेले ठरत होते. मधुमेह बळावणे, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, खालावलेली तब्येत यांच्याशी बहुतेक बाबतींत तिसऱ्याच मापाचा मेळ अधिक बसला.

त्यासाठी नीचांकी वजन ठाऊक हवे. तो साधारण दोन वर्षांनी येतो, पण प्रत्येकाचा वेगळा. आणि सगळे छान चाललेले असते, तेव्हाच तपासणीला जाण्याचा कंटाळा येतो. घरच्या काट्यावरचा आकडा तारखेसह वहीत टिपलेला असला, तरी डॉक्टरांचे काम पुष्कळ सोपे होते.