आदिवासींची साचेबंद प्रतिमा (चंद्रपूर–गडचिरोली)

एखाद्या समाजगटातील सर्व व्यक्तींना मोजके, ठराविक गुणावगुण सरसकट चिकटविणारी आणि प्रत्यक्ष अनुभवानेही सहसा न बदलणारी कल्पना म्हणजे साचेबंद प्रतिमा होय. ही संज्ञा मूळची मुद्रणव्यवसायातील. जुळविलेल्या खिळ्यांवरून धातूचा अखंड ठसा ओतून घेतला म्हणजे तोच मजकूर हवा तितक्या वेळा छापता येई. अमेरिकन पत्रकार वॉल्टर लिपमन यांनी १९२२ मध्ये लोकमताच्या विवेचनात ती रूढ केली. साचेबंद प्रतिमा प्रतिकूलच असते असे नाही. ‘निसर्गाचे निष्पाप लेकरू’ ही प्रतिमाही ‘रानटी’ या प्रतिमेइतकीच साचेबंद आहे.

अशा प्रतिमांचे मूळ केवळ अज्ञानात शोधणे अपुरे ठरते. एका समाजाला दुसऱ्याचे वर्णन करण्याचा अधिकार न मागता मिळालेला असतो. वर्णिल्या जाणाऱ्यास मात्र उत्तर देण्याचे साधन नसते. पहिल्याच्या या अनर्जित लाभास विशेषाधिकार म्हणतात. तो ज्याच्यापाशी असतो, त्याला बहुधा जाणवत नाही. पाश्चात्त्य विचारात ही मांडणी पेगी मॅकिंटॉश यांच्या १९८९ च्या निबंधामुळे प्रसिद्धीस आली. मराठी वाचकास ती सर्वस्वी नवी नाही. वृत्तपत्रे विशिष्ट जातींचेच हितसंबंध पाहतात, हे ओळखून डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ३१ जानेवारी १९२० रोजी मूकनायक हे पाक्षिक सुरू केले होते.

महाराष्ट्राच्या पूर्व टोकाच्या वनप्रदेशात या प्रश्नाचे स्वरूप विशेष स्पष्ट दिसते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेनुसार तेथील लोकसंख्येत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३८·७ टक्के होते. गोंड, माडिया, परधान, हलबा, कोलाम इ. जमाती या दोन जिल्ह्यांत राहतात. त्यांच्या चालीरीती, भाषा व आर्थिक स्थिती भिन्न असूनही वृत्तपत्रांत व चित्रपटांत त्या सर्वांचा मिळून एकच ‘आदिवासी’ होतो. शालिमार (१९७८) यासारख्या हिंदी चित्रपटांनी पिसे, भाले व निरर्थक शब्दांचा कोलाहल यांचा संकेत देशभर पोहोचविला. ज्या गोंडांना असे रंगविले गेले, त्यांच्या राजघराण्याने चंद्रपूरला दगडी तटबंदीचे नगर वसविले होते आणि १७५१ पर्यंत तेथे राज्य केले होते. इंग्रजांविरुद्ध उठाव करणारे बाबूराव शेडमाके यांना २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चंद्रपूर येथे फाशी देण्यात आले. त्यांच्यावरील टपाल तिकीट निघण्यास मात्र २००९ साल उजाडले.

प्रतिमेचा सर्वांत अधिक जाच झालेली संस्था म्हणजे गोटुल. व्हेरिअर एल्विन यांचा १९४७ मधील ग्रंथ बस्तरमधील मुरियांच्या गोटुलाविषयी आहे. तेथे अविवाहित मुलेमुली एकत्र राहत. एल्विन यांचे लेखन सहानुभूतीचे व तपशीलवार असले, तरी त्यातील लैंगिक भागच तेवढा उचलून पुढील छायाचित्रकारांनी व सदरलेखकांनी ‘गोटुल म्हणजे स्वैराचार’ असे समीकरण तयार केले आणि ते शेजारच्या माडियांनाही लावले. वास्तविक माडियांमध्ये मुली गीत-नृत्यासाठी येत आणि रात्री घरी परतत, असा फरक अभ्यासकांनी नोंदविलेला आहे. गोटुल हे तरुणांच्या शिक्षणाचे, पाहुण्यांच्या मुक्कामाचे व गावच्या विचारविनिमयाचे ठिकाण असते. बाहेरच्या टिंगलीचा परिणाम असा झाला, की शिकलेल्या आदिवासी तरुणांना आपल्याच संस्थेची लाज वाटू लागली व अनेक गावांत गोटुल बंद पडले. दमनाचा हा प्रकार कोणत्याही कायद्यात सापडत नाही.

धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावात याच्या उलट घडले. १९८० नंतरच्या दशकात ग्रामस्थांनी गोटुल पुन्हा सुरू करण्याचे ठरवून त्यासाठी जंगलातून सागवान आणले. वनखात्याने ही तोड बेकायदेशीर ठरवून पोलिसांच्या मदतीने बांधकाम काढून नेले. तेव्हा आसपासच्या गावांनी एकत्र येऊन या कृतीचा निषेध केला आणि गोटुल पुन्हा उभारले. खात्याच्या लेखी जो लाकडाचा प्रश्न होता, तो गावाच्या लेखी स्वतःची ओळख ठरविण्याच्या अधिकाराचा होता. याच गावाने ‘आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा दिली आणि सर्वसंमतीने निर्णय घेण्याची पद्धत रुजविली. देवाजी तोफा हे या गावाचे पुढारी, तर मोहन हिराबाई हिरालाल हे त्यांचे सहकारी म्हणून ओळखले जातात.

‘जंगल तोडणारा अतिक्रमक’ ही दुसरी प्रतिमा शासकीय परिभाषेतून वृत्तपत्रांत आली. भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये वन राखीव झाले, की पिढ्यान् पिढ्या तेथे राहणारा बातमीत अतिक्रमक ठरे. बल्लारपूरच्या कागद गिरणीला दीर्घ मुदतीच्या कराराने मिळणारा बांबू मात्र ‘उत्पादन’ म्हणून नोंदला जाई. (त्या बांबूचा लिहिण्या-छापण्याचा कागद होत असे, ही यातील एक विसंगती.) २००६ च्या वनहक्क कायद्याच्या उद्देशिकेत वननिवासींवरील ऐतिहासिक अन्यायाची कबुली आहे. या कायद्यानुसार मेंढा गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार मात्र ग्रामसभेला एप्रिल २०११ पर्यंत मिळाला नव्हता.

‘दारूत बुडालेला आदिवासी’ हीदेखील अशीच एक प्रतिमा. मोहाच्या दारूला देवकार्यात स्थान आहे हे खरे. परंतु गडचिरोली जिल्ह्यात १९९३ मध्ये दारूबंदी झाली ती गावोगावच्या लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, चळवळीमुळे. मागणी करणारा हा समाज प्रचलित चित्रात बसत नसल्याने तो सहसा पुसला जातो.

१९८० पासून नक्षलवादी चळवळीचा या भागात प्रवेश झाल्यावर आणखी एक साचा तयार झाला. बातमीतील आदिवासी एकतर नक्षलवादी, नाहीतर खबऱ्या किंवा बळी. पोलीस व नक्षलवादी या दोघांची निवेदने छापली जात. ज्या गावात चकमक झाली त्या गावचे म्हणणे क्वचितच येई. याचे एक साधे कारण भाषेचे आहे. माडिया व गोंडी या द्राविडी कुळातील भाषा असून बातमीदारांना त्या बहुधा येत नाहीत. २०११ मध्ये गोंडी भाषकांची संख्या सुमारे ३० लाख होती. तरीही संविधानाच्या आठव्या अनुसूचीत तिला स्थान मिळालेले नाही.

बाहेरच्यांनी काढलेले गोड चित्रही या दोषातून सुटत नाही. भामरागड तालुक्यातील हेमलकसा येथे १९७३ मध्ये सुरू झालेल्या लोकबिरादरी प्रकल्पाचे वैद्यकीय व शैक्षणिक कार्य निर्विवाद मोठे आहे. पण त्यावर आधारलेल्या लेखनात व २०१४ च्या चित्रपटात नायक बाहेरून आलेला असतो आणि माडिया मुख्यतः रुग्ण किंवा कृतज्ञ साक्षीदार म्हणून दिसतात. हा दोष कार्याचा नव्हे, कथनाच्या रूढ चौकटीचा आहे.

या चौकटीला साहित्यातून उत्तर मिळू लागले. पहिले आदिवासी साहित्य संमेलन १९७९ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातील भद्रावती येथे भरले. भिल्ल कवी वाहरू सोनवणे यांच्या ‘स्टेज’ या कवितेत, आपलेच दुःख इतरांनी व्यासपीठावरून सांगावे आणि आपण खाली बसून ऐकावे, या स्थितीवर बोट ठेवले आहे. भुजंग मेश्राम (१९५८–२००७) यांनी मराठी कवितेत आदिवासी बोलींचे शब्द आणले. उषाकिरण आत्राम यांनी मराठीबरोबर गोंडीतही लेखन केले, तर मोतीरावण कंगाली यांनी गोंडी भाषा व संस्कृतीचा अभ्यास आतून मांडला. शेजारच्या छत्तीसगढमध्ये २०१० पासून ‘सीजीनेट स्वर’ या उपक्रमाद्वारे साध्या दूरध्वनीवरून गोंडीत बातमी सांगण्याची व ऐकण्याची सोय झाली; तीत लिपीचा किंवा संपादकाच्या भाषेचा अडसर राहत नाही.