महाराष्ट्र मोठा की आइसलँड?

घरात एखादा फुटका प्लॅस्टिकचा चेंडू आहे का? असणारच. माळ्यावर, गॅलरीत, नाहीतर पलंगाखाली कुठेतरी पडलेला असेल. तो शोधून काढा, पुसून घ्या आणि स्केचपेन आणा. चेंडूवर रुपयाचं नाणं धरून भोवतीनं पेन फिरवा. असे आठ-दहा गोल काढा. काही चेंडूच्या मधल्या जोडाजवळ, काही अगदी टोकाशी. मग घरातल्या मोठ्या माणसाला मदतीला घ्या आणि जोडावरून कात्रीनं चेंडूचे दोन भाग करा. हातात एक वाटी येईल. ती जमिनीवर पालथी घाला आणि तळहातानं दाबून सपाट करून दाखवा.

नाही ना होत? मधे दाबलं की खड्डा पडतो, हात काढला की वाटी पुन्हा टुणकन वर येते. फारच जोर लावला तर कडा तडकते. आता कडेपासून मध्याकडे सहा-सात काप द्या. पाकळ्या होतील आणि त्या जमिनीला बऱ्यापैकी टेकतील. पण दोन पाकळ्यांच्या मधे फटी पडल्या, आणि कात्री ज्या गोलातून गेली त्याचे दोन तुकडे झाले! फटी बुजवायच्या तर प्लॅस्टिक ताणावं लागेल. ताणलं की नाण्याचे गोल लंबगोल होणार, नाहीतर मोठे होणार.

पृथ्वीचा नकाशा काढणारा प्रत्येक माणूस नेमका याच ठिकाणी अडतो. पृथ्वी गोल, कागद सपाट. फाडा, नाहीतर ताणा. तिसरा रस्ताच नाही. अजून कुणाला युक्ती सुचलेली नाही, असा याचा अर्थ घेऊ नका हं. अशी युक्ती असूच शकत नाही, हे कार्ल फ्रीडरिश गाऊस या जर्मन गणितज्ञानं १८२७ साली गणितानं सिद्ध केलं. गोलाचा पृष्ठभाग काही न ताणता, न फाडता सपाट करता येत नाही, म्हणजे नाहीच.

शंकूचं मात्र तसं नाही. भेळवाल्याकडची शेंगदाण्यांची कागदी पुडी आठवा. दाणे खाऊन झाले की पुडी उलगडा, कागद परत सपाट. कुठे ताण नाही, कुठे फट नाही. कागदाच्या नळीचंही तसंच. म्हणून नकाशा काढणाऱ्यांनी ठरवलं, की पृथ्वीगोलावरच्या आडव्या-उभ्या रेघा, म्हणजे अक्षवृत्तं आणि रेखावृत्तं, आधी अशा नळीवर किंवा शंकूवर उतरवायच्या आणि मग ते उलगडायचं. या उतरवण्याला प्रक्षेपण म्हणतात. त्याच्या शेकडो पद्धती आहेत. पण गाऊसपासून कुणाची सुटका नाही. उलगडताना ताण येत नसला, तरी उतरवताना तो येतोच. मग नकाशा काढणाऱ्याच्या हातात एकच गोष्ट उरते: काय बरोबर ठेवायचं आणि काय बिघडू द्यायचं, हे ठरवणं.

सगळ्यांत गाजलेला निर्णय गेरार्ड मर्केटर याचा. तो जन्मला १५१२ साली, आजच्या बेल्जियममध्ये. पुढे जर्मनीतल्या ड्युइसबर्ग गावी राहून त्यानं १५६९ मध्ये जगाचा एक भला थोरला नकाशा छापला. अठरा कागद एकमेकांना जोडायचे, तेव्हा तो पुरा व्हायचा. रुंदी जवळजवळ दोन मीटर! हा नकाशा दर्यावर्दी लोकांसाठी आहे, असं त्यानं नकाशाच्या लांबलचक नावातच सांगून टाकलं होतं.

त्यानं केलं काय, ते पाहू. शाळेतला पृथ्वीगोल फिरवून त्यावरची रेखावृत्तं बघा. विषुववृत्तावर ती एकमेकांपासून लांब असतात. ध्रुवाकडे जाताना जवळ जवळ येतात आणि ध्रुवावर सगळी एका बिंदूत मिळतात. मर्केटरनं ती सगळी सरळ उभी, समांतर काढली. म्हणजे विषुववृत्त सोडलं, तर बाकीचं प्रत्येक अक्षवृत्त ताणलं गेलं. ६० अंशांवरचं अक्षवृत्त खरं तर विषुववृत्ताच्या निम्मं, सुमारे २० हजार किलोमीटर लांबीचं. या नकाशात मात्र दोन्ही सारखीच लांब. तिथले देश रुंदीला दुप्पट झाले.

एवढ्यावर तो थांबला असता, तर उत्तरेकडचे देश कुणीतरी वरून दाबल्यासारखे बसके दिसले असते. म्हणून त्यानं त्यांना उंचीलाही तेवढंच ताणलं. रुंदी दुप्पट, तर उंचीही दुप्पट. त्यामुळे छोट्या प्रदेशाचा आकार मोडत नाही, आणि कोनही बरोबर राहतात. पण क्षेत्रफळ? दोन गुणिले दोन, चौपट! ७० अंशांवर ते साडेआठ पट होतं. ध्रुवाजवळ तर ताण इतका वाढत जातो, की ध्रुव दाखवायला आभाळाएवढा कागद घेतला तरी पुरणार नाही. मर्केटरच्या नकाशात ध्रुव नसतोच.

आता शीर्षकातल्या प्रश्नाकडे येऊ. मर्केटरच्या पद्धतीचा नकाशा मिळाला तर त्यावर आइसलँड शोधा. वर, युरोपच्या डावीकडे, समुद्रात एकटं बसलेलं बेट. महाराष्ट्रापेक्षा ते दीडपटीहूनही मोठं दिसेल. खरी क्षेत्रफळं बघा. महाराष्ट्र सुमारे ३ लाख ८ हजार चौरस किलोमीटर, आइसलँड सुमारे १ लाख ३ हजार. आपल्या एका महाराष्ट्रात जवळजवळ तीन आइसलँड मावतील! आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही, त्यामुळे आपण जेमतेम फुगलो. आइसलँड ६५ अंशांवर, ते साडेपाच पटींहून जास्त फुगलं. ग्रीनलंडची तर आणखीच कमाल. या नकाशात ते आफ्रिकेच्या बरोबरीनं उभं राहतं. प्रत्यक्षात आफ्रिकेत चौदा ग्रीनलंड बसतात, आणि आपला भारतसुद्धा ग्रीनलंडच्या दीडपट आहे.

‘मग असला नकाशा हवाच कशाला?’ असं तुम्ही म्हणाल. पण घटकाभर त्या काळच्या जहाजावर जाऊन उभे राहा. चारी बाजूंना पाणी, जमिनीचा पत्ता नाही, हातात फक्त होकायंत्र. खलाशाला सोपं जातं ते एकच: उत्तरेशी एक कोन धरायचा आणि दिवसेंदिवस तोच कोन राखून जहाज हाकायचं. पृथ्वीगोलावर असा मार्ग वळसे घेत घेत ध्रुवाकडे सरकणारा असतो, तो काढणं अवघड. मर्केटरच्या नकाशात तोच मार्ग चक्क सरळ रेघ होतो. निघायचं बंदर आणि पोचायचं बंदर यांना पट्टी लावा, रेघ ओढा, कोन मोजा आणि सुकाणू धरा. इतकं सोपं! कोणत्या अक्षांशावर नेमकं किती ताणायचं याची कोष्टकं एडवर्ड राइट या इंग्रज गणितज्ञानं १५९९ मध्ये छापली आणि मग असा नकाशा इतरांनाही अचूक काढता येऊ लागला.

मर्केटरला नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. त्याचा नकाशा समुद्रासाठी होता, तो वर्गाच्या भिंतीवर आपण टांगला. आणि मोबाइलवरच्या नकाशात तुम्ही मित्राचं घर शोधता ना, तेव्हाही बहुतेक त्याचीच पद्धत थोड्या फरकानं वापरलेली असते. कारण तेच. कोन बरोबर राहतात, त्यामुळे चौकात काटकोनात मिळणारे रस्ते पडद्यावरही काटकोनातच मिळतात.

क्षेत्रफळ बरोबर हवं असेल, तर नकाशा वेगळा घ्यायचा. जेम्स गॉल या स्कॉटिश पाद्र्यानं १८५५ मध्ये असा एक नकाशा मांडला. पुढे १९७३ मध्ये आर्नो पीटर्स या जर्मन इतिहासकारानं तशाच नकाशाचा जोरदार प्रचार केला. त्यात प्रत्येक देशाला त्याच्या हक्काची जागा मिळते, पण आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका ओल्या कपड्यांसारख्या खाली लोंबलेल्या दिसतात. क्षेत्रफळ वाचलं, आकार गेला! २०१८ मध्ये तिघा नकाशातज्ज्ञांनी ‘इक्वल अर्थ’ नावाचा नकाशा तयार केला. क्षेत्रफळ तर बरोबर आहेच, शिवाय कडा गोलसर असल्यामुळे खंडांचे आकारही फार बिघडत नाहीत. आपलं खंड जगाला त्याच्या खऱ्या आकारमानात दिसावं, म्हणून आफ्रिकी संघानं २०२५ मध्ये याच नकाशाचा आग्रह धरणाऱ्या मोहिमेला पाठिंबा दिला. मला तो आग्रह अगदी रास्त वाटतो.

अंतरांची गंमत याहून मोठी आहे. शाळेतला पृथ्वीगोल आणि एक दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक बेंगळुरूवर धरा, दुसरं अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताठ ओढा. सैल असताना तो इकडेतिकडे सरकेल, ताठ झाला की आपोआप एका जागी बसेल. तोच सगळ्यांत जवळचा रस्ता. कुठून गेला बघा! चीन, मग सायबेरिया, थेट आर्क्टिक महासागराच्या काठापर्यंत वर चढला आणि मग अलास्काकडून खाली उतरला. अंतर सुमारे १४ हजार किलोमीटर. मर्केटरच्या नकाशावर पट्टी लावून काढलेली सरळ रेघ मात्र प्रशांत महासागरातून जाते, आणि प्रत्यक्षात तो रस्ता दोन हजार किलोमीटरांहून जास्त लांबचा पडतो.

जानेवारी २०२१ मध्ये कॅप्टन झोया अगरवाल आणि त्यांच्या सहकारी महिला वैमानिकांनी एअर इंडियाचं विमान सॅन फ्रान्सिस्कोहून बेंगळुरूला आणलं, ते उत्तर ध्रुवावरून. दोऱ्याच्या रस्त्यापेक्षा हा रस्ता जेमतेम पावणेचारशे किलोमीटर जास्त आहे. मर्केटरच्या नकाशावर हा प्रवास दाखवायला बसलात, तर पेन कागदाच्या वरच्या कडेवरून बाहेरच जाईल.

अशा प्रवासासाठी ध्रुवच मधोमध असलेला नकाशा काढतात. तो तुम्ही पाहिलेला आहे. संयुक्त राष्ट्रांचा निळा झेंडा आठवा. ऑलिव्हच्या दोन फांद्यांमधे जगाचा गोल नकाशा असतो ना, त्याच्या मध्यभागी उत्तर ध्रुव आहे. सगळे देश त्याच्याभोवती पसरलेत. दक्षिणेकडे तो ६० अंशांपर्यंतच जातो, त्यामुळे अंटार्क्टिका त्यात नाही.

आणि फाडण्याचा रस्ता? तोही काहींनी धरला. अमेरिकेतल्या जॉन पॉल गूड यांनी १९२३ मध्ये जो नकाशा काढला, तो तुमच्या कापलेल्या चेंडूचा भाऊच. त्यांनी काप दिले ते समुद्रातून, म्हणजे खंडं बहुतेक अखंड राहिली. बकमिन्स्टर फुलर यांनी तर पृथ्वी वीस त्रिकोणांत बसवली. ते त्रिकोण कापून दुमडले की पुन्हा जवळजवळ गोल तयार होतो. हा नकाशा कुठल्याही बाजूनं धरा, त्याला वर-खाली असं काही नाहीच.

पण मला सगळ्यांत आवडतो तो नकाशा वेगळाच. झेंड्यावरच्या नकाशात मध्यभागी ध्रुव आहे. पण तिथे ध्रुवच हवा, असं कुठे आहे? तिथे नाशिक ठेवता येतं. किंवा सांगली, किंवा तुमचं गाव. अशा नकाशात मध्यापासून कुठल्याही ठिकाणाचं अंतर बरोबर आणि दिशाही बरोबर. दोन परक्या गावांमधलं अंतर मात्र त्यावर मोजायचं नाही, ते चुकणार. हॅम रेडिओवर जगभर बोलणारे हौशी लोक आपापल्या गावाचा असा नकाशा वापरतात, कारण अँटेना नेमकी कुठे वळवायची ते त्यावर लगेच दिसतं. नाशिकच्या नकाशात सॅन फ्रान्सिस्को पूर्वेला नाही आणि पश्चिमेलाही नाही, जवळजवळ उत्तरेला आहे! न्यूयॉर्कही उत्तरेलाच, जरासं पश्चिमेकडे कललेलं.

आता या नकाशाची बाहेरची गोल कड बघा. नाशिकपासून सगळ्यांत लांबचं ठिकाण म्हणजे पृथ्वीच्या बरोबर पलीकडचं. ते आहे प्रशांत महासागरात, ईस्टर बेटाच्या उत्तरेला. तिथे फक्त पाणी. नाशिकहून कुठल्याही दिशेनं निघा आणि नाकासमोर सुमारे २० हजार किलोमीटर जा, तुम्ही तिथेच पोचणार. म्हणून नकाशात तो एक बिंदू सगळ्या दिशांना दाखवावा लागतो. नकाशाभोवतीची ती एवढी मोठी कड म्हणजे समुद्रातला तो एकच बिंदू आहे. आणि बिचारं ईस्टर बेट त्या कडेशी ताणून ताणून रेघेसारखं लांबट झालेलं असतं.