जुनी पद्मिनी घेऊन ठेवायची का? आधी हिशोब करू

भाव वाढेल म्हणून जुनी गाडी घेताय? आधी आरसी बघा. 2021 च्या केंद्राच्या नियमानुसार पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली, चेसिस-बॉडी-इंजिनात बदल न केलेली गाडीच 'व्हिंटेज'. मारुती 800 पहिल्यांदा डिसेंबर 1983 मध्ये ग्राहकाच्या हातात गेली. तिला 2033 उजाडेल. माझा कल कुर्ल्यात बनलेल्या प्रीमियर पद्मिनीकडे. पण डिझेल इंजिन बसवलेलं असेल तर फुकटही नको!

समजा एक लाखाला घेतली. देखभाल, विमा वर्षाला 15 हजार धरा. दहा वर्षांनी अडीच लाखांना विकली तरी नफा शून्य, व्याज वेगळंच. त्यात आपल्या माजरीची कोळशाची धूळ आणि पावसाळा. शेड नसेल तर पत्रा गंजलाच म्हणून समजा. व्हिंटेज नोंदणीला 20 हजार फी, वर लग्नाला भाड्यानेही देता येत नाही.